पाचाडची तक्क्याची विहीर आणि जिवाचा घोर

महाडच्या एस.टी. स्थानकावर उतरलो तेव्हा मे महिना सरत आला होता. साल २०२४. सोबत आमची पत्नी होती. चवदार तळ्यावर जाऊन अभिवादन केले, स्थानकासमोर उसळपाव खाल्ला आणि पाचाडची गाडी धरली.

आपली पुष्कळ मंडळी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडला येतात. तळे पाहतात, क्रांतिस्तंभाजवळ बसतात आणि परतीची गाडी धरतात. काही जण पुढे रायगडावर जातात. पण हिरकणीवाडीहून रोपवेने वर आणि रोपवेनेच खाली. गडाच्या पायथ्याचे पाचाड गाडीच्या खिडकीतूनच मागे पडते. खोटे कशाला सांगावे, आम्हीही बरीच वर्षे असेच करीत आलो. वास्तविक आमची आतेबहीण त्याच बाजूच्या एका वाडीत दिलेली आहे.

महाड ते पाचाड अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. नाते गाव मागे पडले की कोंझरचा घाट लागतो आणि डोंगर दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागतात. शेतांत राब भाजून झालेले, जमीन काळी पडलेली. घरांच्या कौलांची शाकारणी चाललेली. बायका सुका लाकूडफाटा पडवीत रचीत होत्या. शहरातल्या माणसाला हे चित्र गोड वाटते. आमच्या शेजारी बसलेली म्हातारी मात्र घाटात गाडी वळली की पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरी. "औंदा पाऊस लई हाय म्हणतात," ती आपण होऊन म्हणाली. हवामान खात्याने त्या वर्षी सरासरीपेक्षा जास्त पावसाचा अंदाज दिला होता, तो फोनवरून वाडी-वाडीत पोहोचला होता. मुंबईत त्या बातमीने आम्हाला बरे वाटले होते. येथे त्याच बातमीने म्हातारीच्या हाताला कंप सुटला होता.

आम्ही भाषण केले ती गोष्ट

आतेबहिणीचे नाव आणि वाडी येथे देत नाही. आम्ही तिला ताई म्हणतो, येथेही ताईच म्हणू. वय पंचेचाळीसच्या पुढे. नवरा मुंबईला वॉचमन, मुलगा महाडच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटावर, मुलगी बारावीला. दीड एकर भात, थोडी नाचणी. घरी ती आणि सासू.

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही तिच्याकडे गेलो होतो. जुलैच्या १९ तारखेला रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती, आणि सगळ्या रायगड जिल्ह्याची झोप उडाली होती. ताईने सांगितले, झोप येत नाही, छातीत धडधड होते, घास गिळत नाही, अंग शिशासारखे जड होते. वाचकहो, आम्ही समाजकार्य करणारी माणसे! आम्ही तिला तासभर भाषण दिले. बाबासाहेबांनी किती सोसले, रमाईने किती सोसले, आणि तू एवढ्याशा पावसाला भितेस? मन घट्ट कर, भगताच्या नादी लागू नको, कामात गुंतवून घे. तिने मान हलवली, चहा केला, आणि त्यानंतर तिने आम्हाला स्वतःबद्दल एक शब्दही सांगितला नाही. आम्ही मात्र आपण एका बहिणीला धीर दिला अशा समाधानात गाडीत बसलो.

मे २०२४ मध्ये भाचीचा फोन आला. "मामा, आई बोलत नाय. यंदा भात लावणार नाय म्हणते. विहिरीवर पण जात नाय. तुम्ही या, मामीला घेऊन या."

तक्क्याची विहीर

पाचाडला जिजाऊंचा वाडा आहे. वाडा म्हणजे आता दगडी तट, जोती आणि विहिरी. गडावरची थंड हवा आणि वारा जिजाऊंना मानवत नसे, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याशी वाडा बांधला असे सांगतात. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि अवघ्या ११ दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊंनी पाचाडलाच देह ठेवला. त्यांची समाधी गावातच आहे.

वाड्याच्या आवारात एक विहीर आहे, तिला तक्क्याची विहीर म्हणतात. काठावर पाठ टेकून बसण्यासारखा दगडी तक्क्या आहे. जिजाऊ तेथे बसत आणि पाण्याला आलेल्या बायाबापड्यांची विचारपूस करीत, अशी गावची आठवण आहे. पाण्याला येणारी बाई घरात बोलू शकत नाही ते विहिरीवर बोलते, हे कोणत्याही गावात पाहावे.

भाची आईला घेऊन वाड्यापर्यंत आली. ताई निम्मी झाली होती. पदराचे टोक सारखे बोटाला गुंडाळीत होती. आम्ही तोंड उघडणार एवढ्यात पत्नीने डोळ्यांनी दटावले. मग आम्ही भाचीला घेऊन तटाच्या कडेने फिरत राहिलो. त्या दोघी विहिरीजवळ तासाहून अधिक वेळ बसल्या. दुरून दिसत होते की आमची पत्नी जवळजवळ काहीच बोलत नव्हती.

ताईच्या परवानगीने त्यातले थोडे येथे लिहितो.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीला पूर आला, महाड शहर बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये येथे डोंगर खाली आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळून माणसे दगावली. ताईच्या वाडीत कोणी गेले नाही. पण वीज गेली, फोन बंद पडले, रस्ता तुटला. ती दोन मुले आणि सासूला घेऊन शाळेच्या खोलीत बसून होती. नवरा मुंबईत. कोण जिवंत आहे आणि कोण नाही, याचा दोन दिवस पत्ता नव्हता. रात्रभर डोंगरातून दगड गडगडल्याचा आवाज येई.

"तो आवाज गेला नाय वहिनी," ती म्हणाली. "पाऊस नसला तरी येतो. लोक म्हणतात, तुझं काय गेलं? तुझी माणसं जित्ती हायत. मला लाज वाटते. खरंच माझं काय गेलं?"

आणि थोड्या वेळाने, "विहिरीवर जायचं मला भ्या वाटतं. पाण्याचं नाय. माझंच मला भ्या वाटतं."

आमची पत्नी सातवी शिकलेली. ती घाबरली नाही, रडलीही नाही. तिने सरळ विचारले, "ताई, जीव द्यावासा वाटतो का?" ताई हमसून रडली. म्हणाली, "येतं मनात. पोरीकडं बघून मागं फिरते." तीन वर्षांत हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता. आम्हीही नाही.

एका घरात दोन दुखणी

हे दुखणे काय आहे ते आम्ही नंतर डॉक्टरांकडून समजून घेतले. ते साध्या भाषेत सांगतो.

छातीत धडधड, धाप, हातापायाला मुंग्या, जरा आवाज झाला की दचकणे, सतत काहीतरी वाईट होणार असे वाटणे, हा चिंतेचा आजार. कशात मन न लागणे, थकवा, भूक-झोप बिघडणे, आपण निकामी आहोत असे वाटणे, जगणे नकोसे होणे, हे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक दिवस बहुतेक वेळ टिकले तर तो उदासीनतेचा आजार, त्यालाच नैराश्य म्हणतात. पुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, पण माणसाच्या शरीरात ती पुष्कळदा एकत्र राहतात. नैराश्य असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांना चिंतेचाही त्रास असतो. भीतीने झोप जाते, झोप गेली की अंगातले बळ जाते, कामे अडतात, कामे अडली की 'मी निकामी' हा विचार येतो, आणि त्या विचाराने पुन्हा भीती वाढते. घाण्याच्या बैलासारखे हे चक्र फिरत राहते. दोन्ही एकत्र असली की आजार लांबतो आणि जिवाला धोकाही वाढतो.

खेड्यात हे आजार आपले नाव सांगून येत नाहीत. डोके जड, कंबर धरली, गॅस झाला, वीकनेस आला, असे बोलत ते दवाखान्यात येतात. ताईनेही एका खाजगी दवाखान्यात तीन वेळा सलाईन लावून घेतले होते, छातीचा कागद काढला होता. कागद चांगला निघाला तेव्हा घरचे म्हणाले, "बघ, काही नाही तुला." भगताला पैसे आणि कोंबडा देऊन झाले होते. त्याला दोष देताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. तो निदान तिचे ऐकून तरी घेत होता.

या भागाला हा घोर का लागला, हे तारखाच सांगतात. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात दोन एस.टी. गाड्या गेल्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ, त्या वर्षी कोरोना, २०२१ ला तळीये आणि महापूर. एक भीती निवते न निवते तोच दुसरी. घरातला कर्ता पुरुष मुंबई-पुण्याला, वाडीत म्हातारी माणसे, बायका आणि पोरे. पावसाळा आला की दरडीखालच्या वाड्यांना स्थलांतराच्या नोटिसा येतात. गाठोडे बांधून शाळेत जायचे, पाऊस उघडला की परत यायचे. गुरे मागे राहतात, म्हातारी मागे राहायचा हट्ट धरते. तळीयेच्या वाचलेल्या लोकांना तर काही काळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत काढावा लागला.

तेव्हा ताईची भीती खोटी नाही. डोंगर खरा आहे आणि पाऊसही खरा आहे. धोक्याच्या वाडीचे पक्के पुनर्वसन आणि वेळेवर मिळणारी सूचना यांची जागा कोणतीही गोळी घेऊ शकत नाही. पण डिसेंबरच्या कोरड्या उन्हातही रात्री दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर तो आजार आहे, आणि त्यावर उपचार आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

बाकावरच्या आज्या

हा आजार फक्त कोकणातला नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. अशा नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत, असे तिच्यात दिसून आले. वर्ध्याला, बीडला, महाडला, सगळीकडे माणसे हे दुखणे अंगावर काढतात.

मग एवढे डॉक्टर आणायचे कोठून? याचे उत्तर आपल्या शेजारीच शोधले गेले आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने २४ दवाखान्यांत एक प्रयोग केला. अर्ध्या ठिकाणी साध्या माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी रुग्णाशी बोलायचे, आजार समजावून सांगायचा, गरजेप्रमाणे डॉक्टरची मदत घ्यायची. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी, जेथे असा माणूस होता तेथे चिंता व नैराश्याचे १०० पैकी सुमारे ६६ रुग्ण बरे झाले होते, जेथे नव्हता तेथे सुमारे ४२. पुढे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. तेथे नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी आधी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७ वर गेले. गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन बोलायला सुरुवात केली होती.

आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशात, हरारे शहरात, डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तर दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवले आणि त्यावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसविल्या. तेथे या आजाराला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. अर्थ, फार विचार करणे. आपल्याकडे बाई म्हणते ना, "लई इच्यार येतात", तेच. २०१६ मध्ये त्या कामाची शास्त्रीय तपासणी प्रसिद्ध झाली, आणि आज्यांशी बोललेल्या रुग्णांचा त्रास स्पष्टपणे कमी झालेला आढळला.

हे वाचले तेव्हा आम्हाला पाचाडचा दगडी तक्क्या आठवला. बसायला जागा, ऐकायला माणूस, आणि घाई नाही. आमच्या पत्नीने त्या दिवशी कोणतेही पुस्तक न वाचता तेच केले होते.

पुढे काय झाले

नुसत्या ऐकण्याने ताई बरी झाली असे आम्ही म्हणणार नाही. त्याच दिवशी भाचीच्या फोनवरून १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावला. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते. पलीकडची बाई शांतपणे बोलली. घरातली फवारणीची औषधे कुलूपबंद करा आणि ताईंना सध्या एकटे ठेवू नका, असे तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेले. रक्त कमी निघाले, त्याच्या गोळ्या दिल्या, आणि मनोविकार तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. जावई मुंबईहून रजा काढून आले. आठ दिवसांचा पगार बुडाला, पण ते आले.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मळमळ झाली. ताई म्हणाली, नको ह्या गोळ्या. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, की गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी थोडे जास्त. बरे वाटले तरी निदान सहा महिने घ्यायच्या आणि मनाने बंद करायच्या नाहीत. नैराश्याच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. सवय लागते ती काही झोपेच्या गोळ्यांची. त्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. तिसऱ्या आठवड्यात ताई सलग पाच तास झोपली. भाचीने आम्हाला कचेरीत फोन केला, तो फक्त एवढेच सांगायला.

जुलै २०२४ मध्ये रायगडावर ढगफुटीसारखा पाऊस झाला, गडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे आले. आम्हाला मुंबईत धसका बसला. पण ताईने या वेळी आधीच पिशवी भरून ठेवली होती. रेशनकार्ड, सातबारा, गोळ्या, बॅटरी, सासूचा चष्मा. शाळेत कोणत्या वाटेने जायचे ते ठरले होते. ती गेली आणि परत आली. त्या वर्षी भातही लागला, उशिरा का होईना.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा पाचाडला गेलो. ताईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी केली. आम्ही तिची माफी मागितली, त्या जुन्या भाषणाबद्दल. ती हसली. "तुझं भाषण चांगलं होतं भाऊ. पण मला तवा ऐकायला यीत नव्हतं, आतला आवाज मोठा होता." मग म्हणाली, "अजून पाऊस लागला का पोटात गोळा येतो. पर विहिरीवर जाते आता." तिने बोलायला सुरुवात केल्यावर वाडीतल्या आणखी तिघी तिला येऊन म्हणाल्या, "आम्हाला पण असंच होतं." त्यांतल्या एकीच्या घरचे तिला अजूनही दवाखान्यात नेऊ देत नाहीत. तेव्हा गोष्ट संपली असे मानू नये.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या नात्यात अशी एखादी ताई, एखादा मामा, एखादा कॉलेजात जाणारा पोर असतो. तो बोलू लागला तर त्याला थोरामोठ्यांचे दाखले देऊ नका. त्यांचे दाखले आपल्या लढ्यासाठी आहेत, आजारी माणसाला लाज आणण्यासाठी नाहीत. जवळ बसा. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, मनावरचे ओझे हलके होते. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात सोबत जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क केला आहे, तो मागून घ्या. १४४१६ हा नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपल्या महिला मंडळांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ओट्यावर बसून, कोणताही ठराव न करता, एकमेकींचे नुसते ऐकावे.

आणि महाडला याल तेव्हा तळ्यावरून लगेच माघारी फिरू नका. पाचाडपर्यंत या. आसपासच्या वाड्यांत आपली माणसे आहेत. चहा घ्या, आणि पाऊस कसा आहे ते त्यांना विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.